बेंगाल मांजराच्या अंगावर जंगल किती?

१९८२ साली दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून एक बोका अमेरिकेला गेला. तो कुठल्या नावाजलेल्या जातीचा नव्हता. गेंड्याच्या आवारात राहणारा बेवारशी बोका, पण तांबूस अंगावर गडद तपकिरी ठिपके आणि केसांवर विलक्षण चमक. त्याला नेणाऱ्या होत्या कॅलिफोर्नियाच्या जीन मिल. पुढे 'टोरी ऑफ दिल्ली' या नावाने तो बेंगाल मांजरांचा एक मूळपुरुष ठरला.

बेंगाल हे नाव आलं ते रानातल्या बिबट मांजरावरून; त्याचा पाळीव मांजराशी संकर करूनच ही जात घडली. रॉबर्ट कर यांनी १७९२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आला. पश्चिम घाटापासून रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत हा प्राणी आढळतो. फरसाठी त्याची शिकार होई आणि आई मारली गेली की पिल्लं विकली जात. रानाचं देखणेपण घरच्या मांजरातच मिळालं तर हे थांबेल, अशी मिल यांची आशा होती. त्यांच्याकडच्या बिबट मांजरी आणि काळा पाळीव बोका यांचा संकर १९६३ मध्येच झाला होता. पण खरी सुरुवात १९८० नंतरची. लोमा लिंडा विद्यापीठातले विलार्ड सेंटरवॉल मांजरांच्या रक्तकर्करोगावरील संशोधनासाठी असे संकर करत होते, त्यातल्या काही माद्या मिल यांना मिळाल्या. पहिल्या पिढ्यांतले बोके वंध्य निघत, त्यामुळे वंश पुढे नेण्याची सगळी मदार माद्यांवर आणि बाहेरून आणलेल्या पाळीव बोक्यांवर होती. टोरी त्यातलाच एक. १९९१ मध्ये मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या 'टिका' या आंतरराष्ट्रीय संस्थेने बेंगालला अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश दिला.

सुरुवातीच्या बेंगालांवर बहुतेक साधे, एकरंगी ठिपके असत. आज ज्यावर लोक भाळतात ते दुरंगी रोझेट, म्हणजे आत फिकट आणि कडेला गडद असा ठिपका, पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेले आहेत. जाणकार आणखी एक गोष्ट पाहतात: ठिपक्यांची रचना आडवी वाहती हवी किंवा विखुरलेली. साध्या पट्टेरी मांजरासारख्या उभ्या रांगा दिसल्या की गुण जातात. दुसरा प्रकार मार्बल्ड, संगमरवरासारख्या वळणांचा. ती नक्षी तर पाळीव मांजरांचीच देणगी. 'स्नो' रंग सयामी आणि बर्मी मांजरांत दिसणाऱ्या जनुकांमुळे येतो. शरीराच्या थंड भागांत रंग जास्त धरतो, म्हणून स्नो पिल्लू जन्मतः फिकट असतं आणि नक्षी हळूहळू उमटते. रुपेरी रंगही घरच्याच मांजरांचा.

मग रानाचा वाटा किती? २०२४ मध्ये ९४७ मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अनेकांची समजूत मोडली. बेंगालमध्ये बिबट मांजराचा अंश सरासरी फक्त ३.४८ टक्के निघाला. वंशावळीवरून तो सुमारे ६ टक्के असेल असा अंदाज होता. रानातून आलेलं ठळकपणे दिसतं ते दोन गोष्टींत: केसांतल्या तांबूस छटेचा भडकपणा आणि 'चारकोल' हा गडद रंग, ज्यात चेहऱ्यावर मुखवटा आणि पाठीवर जाड काळा पट्टा दिसतो. मला यातली गंमत अशी वाटते की या दोन्हींमागची रानातली जनुकं बिबट मांजराच्या अंगात वेगळं वागतात. पाळीव मांजराच्या शरीरात ती मंदावतात, आणि त्या मंदावण्यातूनच हे रंग खुलतात.

केस सोनेरी झळकवणारा 'ग्लिटर' मात्र रानाचा नाही. एफजीएफआर२ या जनुकाचं काम कमी झालं की केसांचा पोत बदलतो आणि प्रकाश वेगळा परावर्तित होतो. तो बदल पाळीव मांजरांकडचा आहे. बेंगालच्या इतिहासात ही चमक आणल्याचं श्रेय दिलं जातं ते गेंड्याच्या आवारातल्या त्या बोक्याला.