कूळ-मुंडकार प्रश्न (गोवा)

दुसऱ्याच्या जमिनीत राबणाऱ्या आणि दुसऱ्याच्याच जमिनीत राहणाऱ्या गोमंतकीयांच्या हक्कांचा प्रश्न. शेत कसतो तो कूळ. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, घर करून राहतो तो मुंडकार. पुष्कळदा एकच कुटुंब दोन्ही असे. मुंडकाराने भाटाची राखण करायची, बोलावणे आले की कामाला जायचे. घर त्याचे, पण डागडुजी करायची तर आधी भाटकाराला विचारायचे. दारात पडलेला नारळही भाटकाराचाच. भाटकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही.

पोर्तुगीजांपासूनच्या मुक्तीनंतरच्या पहिल्या निवडणुकीत, डिसेंबर १९६३ मध्ये, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्या मतांचा अर्थ केवळ महाराष्ट्रातल्या विलीनीकरणापुरता लावला जातो, तो अपुरा आहे. भाटकाराविरुद्धचा रागही त्या पेटीत पडला होता. गंमत अशी, की पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. जमिनीचा प्रश्न, जो इतरत्र डाव्यांनी उचलला, तो इथे बांदोडकरांच्या पक्षाने उचलला. लाल बावटा मुख्यतः खाणी आणि मुरगाव बंदरातल्या कामगार संघटनांवर फडकत राहिला.

१९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून हुसकावणे रोखले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये, कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कुळालाच मालक मानले. ती दुरुस्ती कोर्टात अडकली. शेवटी १९८४ च्या ४७व्या घटनादुरुस्तीने ती राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण मिळणाऱ्या कायद्यांच्या यादीत गेली.

कायदा झाला तरी मालकी कागदावर उतरायला मामलेदाराची पायरी चढावी लागते. तिथे सगळे एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर ठरते: कुळाच्या रकान्यात नाव आहे का, मुंडकाराच्या घराची नोंद आहे का. आजोबांनी घातलेला अर्ज नातू चालवतो, हे गोव्यात नवल नाही. २०१४ च्या दुरुस्तीने कुळांचे दावे दिवाणी न्यायालयांकडे नेले, तेव्हा मोठी ओरड झाली; पुढे ते पुन्हा मामलेदाराकडे आले.

खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या नदीकाठच्या भातशेतीत, या बदलाची दुसरी बाजू दिसते. नदीकाठचे बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) सांभाळण्याचे काम कूळ संघांकडे आले. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि लिलाव घेणाऱ्याला भाताशी कर्तव्य नसते. भरतीच्या वेळी मानस उघडी राहिली, की खारे पाणी शेतात शिरते.