हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं सुरक्षित?

मुलगा बॉक्सिंगला जायचं म्हणाला, की घरचे आधी हेडगार्ड, म्हणजे डोक्याभोवती बांधायचं गादीचं कवच, आणतात. आता मेंदूला धोका नाही, असा समज त्यामागे असतो. हा समज चुकीचा आहे आणि कोवळ्या वयात महागात पडू शकतो.

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) बसला की डोकं गर्रकन वळतं आणि आत मेंदूही हिसका खातो. बाहेरची गादी तो हिसका थांबवू शकत नाही. हेडगार्ड वाचवतं ते भुवई फाटण्यापासून, खरचटण्यापासून, कानाच्या मारापासून. 2013 मध्ये हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने वरिष्ठ गटातल्या (प्रौढ) पुरुषांचं हेडगार्ड काढलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविनाच लढले. म्हणून किशोरांनी ते काढावं असं मुळीच नाही. घालायचंच, पण त्याच्या भरवशावर मार खायचा नाही.

खरं संरक्षण पायांत आणि हातांत असतं. सुरुवातीचे काही महिने दोरीच्या उड्या, पायांची हालचाल, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), हनुवटी खाली, हात वर. कंटाळवाणं वाटतं, पण हेच वाचवतं. दुसऱ्याच आठवड्यात जोरदार स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाची लढत) उभं करणारा प्रशिक्षक मला तरी नको. स्पारिंग करायचं ते पुढे, हलक्या हाताने, आपल्याच वजनाच्या जोडीदाराशी. दातांसाठी माउथगार्ड हवंच.

ठोसा लागल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, धूसर दिसलं, तर त्या दिवशी रिंगमधून बाहेर. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय परत स्पारिंग नाही, स्पर्धा उद्यावर आली असली तरी.