चरित्र अभिनेता (नागपूरची परंपरा)

नायक-नायिकेच्या भूमिका सोडून बाप, काका, सावकार, हवालदार, शेजारी, जुना गडी अशी माणसे आयुष्यभर रंगवणाऱ्या नटाला चरित्र अभिनेता म्हणतात. कथानक त्याच्यावर बेतलेले नसते, पण ते ज्या घरात आणि ज्या गावात घडते ते घर-गाव त्याच्यामुळे खरे वाटते. नागपुरात या नटाची घडण मुंबई-पुण्याहून वेगळी झाली. रोज पडदा उघडणारी व्यावसायिक नाटके आणि चित्रपटांचे स्टुडिओ इथे नव्हते. हौशी रंगभूमी, आकाशवाणी आणि झाडीपट्टी (पूर्व विदर्भातली गावोगावची नाटके) या तीन शाळांत तो शिकला, आणि बहुतेक वेळा नोकरी सांभाळून शिकला.

१९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, बँका, शाळा-महाविद्यालये यांत काम करणारा मोठा मराठी मध्यमवर्ग इथे राहत होता आणि हौशी नाट्यसंस्थांना माणसे त्यातूनच मिळाली. कचेरी सुटल्यावर तालीम, सणासुदीला प्रयोग, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबल, असा हा क्रम. सीताबर्डीवरचे विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर हे या मंडळींचे हक्काचे घर होते. पुढे ती जुनी वास्तू पाडून तिथे सांस्कृतिक संकुल उभे राहिले. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी स्थापलेल्या रंजन कला मंदिराने शहरातल्या नटांना शिस्त लावली. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाचे लेखक म्हणून दारव्हेकर महाराष्ट्रभर ओळखले जातात. नागपूरकरांसाठी मात्र ते आधी ‘मास्तर’ होते, छोट्या भूमिकेतल्या मुलाकडूनही नेमके उच्चार काढून घेणारे.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचे नागपूर केंद्र हा या परंपरेचा कणा आहे. स्पर्धेत अभिनयाची रौप्यपदके आणि प्रमाणपत्रे भूमिकेची लांबी मोजून दिली जात नाहीत. त्यामुळे दोन प्रवेशांच्या भूमिकेसाठीही नट महिना-दीड महिना घाम गाळतो. हौशी संस्थेत वयस्क नट मिळणे कठीण असते. साहजिकच पंचविशीतल्या मुलाच्या वाट्याला सत्तरीचा म्हातारा येतो. केसांना पांढरे फासले, कपाळावर रेघा ओढल्या, हातात काठी दिली की म्हातारा झाला, ही समजूत पहिल्या तालमीतच मोडावी लागते. म्हातारपण दिसते ते बसताना आणि उठताना, पाण्याचा पेला हातात घेताना, समोरच्याचे बोलणे कळायला लागणाऱ्या त्या क्षणभराच्या उशिरात. वाक्य नसताना रंगमंचावर काय करायचे, हा या नटापुढचा सर्वांत अवघड प्रश्न असतो. तो सुटला की बाकीचे पुष्कळसे सुटते. एकदा म्हातारा जमला, की दिग्दर्शक पुढची वीस वर्षे म्हातारेच देतात. पन्नाशीला पोहोचलेल्या नटाने तोवर बापाच्या आणि आजोबांच्या भूमिकांत अर्धे आयुष्य काढलेले असते. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. हौशी संस्थांना अभिनेत्रींची चणचण कायमची, त्यामुळे एकाच वर्षी एकीकडे नायिका आणि दुसरीकडे सासू करणाऱ्या मुली या शहराला नवीन नाहीत.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या १९८५ साली रंगमंचावर आलेल्या नाटकाचा इथे उल्लेख करायलाच हवा. विदर्भातल्या पडत्या वाड्यातले ते देशपांडे कुटुंब. त्यात एकच एक नायक नाही. अंथरुणाला खिळलेली दादी, विधवा आई, थोरला, धाकटा, बिनलग्नाची बहीण, प्रत्येक जण वाड्याचा एकेक खांब धरून आहे. नागपूरच्या नटाला अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. महाल किंवा धंतोली या शहरातल्या वस्त्यांत ती त्याच्या घरातच भेटलेली असतात.

दुसरी शाळा आकाशवाणी. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि त्याच्या नाट्यविभागाने शहरातल्या नटांचा आवाज घडवला. श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, रंगभूषा नाही, काठी नाही. वय, जात-पेशा, गाव, आजारपण, सारे आवाजातूनच उभे करायचे. मायक्रोफोनपासून तोंड किती दूर ठेवायचे, कागद उलटताना आवाज कसा होऊ द्यायचा नाही, श्वास कुठे घ्यायचा, हे शिकलेला नट पुढे कॅमेऱ्यासमोर उगाच ओरडत नाही. आकाशवाणीवरच्या ग्रामीण कार्यक्रमांनी वऱ्हाडी बोलीलाही मान दिला. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘जाऊन राह्यला’ हे बोलणे नाटकात फार काळ केवळ हशा मिळवण्यासाठी वापरले गेले. शेतकरी बापाने मुलीच्या लग्नाची चिंता याच बोलीत सांगितली की प्रेक्षागृह गप्प होते. ही ताकद ओळखणारे नट विदर्भात थोडे, पण ते आहेत.

तिसरी शाळा शहराबाहेर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा (देसाईगंज) हे त्याचे केंद्र. मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) अशा निमित्ताने गावे नाटक ठरवतात. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो आणि नाटक्या मंडळी गाडीत झोपत पुढचे गाव गाठतात. नागपूरचे कितीतरी नट या हंगामावर उरलेले वर्ष काढतात. इथे चरित्र नटाचा भाव ठरतो तो खलनायक, विनोदी आणि करुण अशा तिन्ही भूमिका पेलण्यावर. हजारोंचा जमाव, उघडे मैदान, थंडी आणि हातभर अंतरावरून वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर, अशा स्थितीत बारीक अभिनय पोहोचत नाही. अंगविक्षेप मोठे ठेवूनही भाव खरा ठेवावा लागतो, आणि शहरी समीक्षकांनी या कसबाची दखल फार उशिरा घेतली. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती साऱ्या पट्ट्याने स्वतःची मानली.

मुंबईला गेलेल्यांत मूळचे नागपूरचे किशोर प्रधान (निधन जानेवारी २०१९) हे नाव आधी येते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही रंगभूमींवर त्यांनी काम केले. ‘जब वी मेट’मधला एका प्रसंगापुरता स्टेशनमास्तर मात्र त्यांना देशभर चेहरा देऊन गेला. आयुर्वेदाची पदवी घेऊन नागपूरहून मुंबईला गेलेले डॉ. गिरीश ओक यांनी बाप, वकील, खलनायक अशा भूमिकांची दीर्घ वाट चालल्यावर ‘अग्गंबाई सासूबाई’ (२०१९) या मालिकेत उतारवयात लग्न करणारा नायक केला. चरित्र नटाला नायकपण असे उशिरा, आणि क्वचितच, मिळते.

वीरा साथीदार यांची वाट या तिन्ही शाळांतून गेली नाही. नागपुरात राहून आंबेडकरी चळवळीत आयुष्य घालवलेल्या या कार्यकर्त्याने चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साथीदार यांच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि ताठा रंगभूषेने आणता येणारा नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांचे नागपुरात निधन झाले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरच्या रेशीमबागेत ९९ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले. अध्यक्ष होते विदर्भातच जन्मलेले नाटककार प्रेमानंद गज्वी. संमेलनाने शहराच्या नाट्यपरंपरेचा सन्मान झाला, तरी जुन्या नटांची रोजची अडचण जागच्या जागी आहे. राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षानुवर्षे काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. जाहिरातीत नायकाचे नाव ठळक छापले जाते आणि चरित्र नट ‘व इतर’मध्ये जातो. म्हणून प्रयोगाच्या पत्रिका, कात्रणे, स्पर्धेची प्रमाणपत्रे आणि आकाशवाणीची करारपत्रे जपून ठेवणाऱ्या नटाचा अर्ज उभा राहतो. पेटी पावसात भिजली किंवा घर बदलताना हरवली, तर पन्नास वर्षांच्या कामाची साक्ष द्यायला सहकलाकारांना शोधत फिरावे लागते.