दाणे काणीला गंधक चालते, झिपरी काणीला का नाही?

ज्वारीला काणी, म्हणजे कणसात काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग, पडली म्हटले की गंधकाचे नाव निघते. ते निम्मेच बरोबर आहे. दाणे काणी आणि झिपरी काणी करणाऱ्या बुरशा जवळच्या नात्यातल्या, दोघींची भुकटी काळी, पण एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाण्याची वाट वेगळी.

दाणे काणीत कणसाचा आकार शाबूत राहतो. दाण्याच्या जागी मळकट पांढरी, लांबट फोड येते, साधारण 5 ते 15 मिमी लांबीची. नखाने दाबली की काळी भुकटी निघते आणि मधोमध एक टणक काडी हाताला लागते. पापुद्रा चिवट असल्याने फोड शेतात सहसा फुटत नाही, फुटते मळणीत. काणीची थोडी कणसे राशीत गेली तरी बीजाणू (काळी भुकटी म्हणजे हेच, बुरशीचे बी) चांगल्या दाण्यांना चिकटतात आणि कोरड्या साठवणीत वर्षानुवर्षे जगतात. शेतात सांडलेली सुटी भुकटी ओल मिळताच रुजते आणि ज्वारीचा कोंब नसल्याने बहुतेक वाया जाते. म्हणजे धोका शेतापेक्षा बियाण्याच्या पोत्यात जास्त.

पेरल्यावर बी आणि बुरशी एकदमच रुजतात. कोंब जमिनीबाहेर यायच्या आतच बुरशी त्यात शिरते, म्हणून खोल पेरणी किंवा गार जमिनीमुळे उगवण रेंगाळली की लागण वाढते. पुढे ती शेंड्याबरोबर वाढते. निसवेपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडेपर्यंत, बाहेरून ओळखण्यासारखे फारसे काही नसते, त्यामुळे उभ्या पिकात फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

उपाय पेरणीआधीच: 300 मेशचे, म्हणजे अगदी बारीक भुकटीचे गंधक, किलो बियाण्याला 4 ग्रॅम. एकरी 4 किलो बियाण्याला 16 ग्रॅम पुरते. बी कोरडे हवे. झाकणाच्या डब्यात घालून सगळ्या दाण्यांना भुकटी लागेपर्यंत हलवावे. जिवाणू खत लावायचे असेल तर ते गंधकानंतर. उरलेले बी खाण्यात किंवा कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नये.

झिपरी काणीत दाणे उरतच नाहीत. पोटरीतून (कणीस गुंडाळून असलेल्या वरच्या पानाच्या आवरणातून) कणसाच्या जागी पांढुरक्या पापुद्र्याची मोठी गाठ निघते, पापुद्रा लगेच फाटतो, वारा भुकटी उडवतो आणि मागे काळपट धाग्यांच्या झिपऱ्या राहतात. हे सगळे काढणीच्या कितीतरी आधी घडते. बीजाणू थेट जमिनीवर पडतात, तिथे काही वर्षे टिकतात आणि पुढच्या ज्वारीचे रोप तिथेच गाठतात. बियाणे कितीही स्वच्छ असले तरी लागण खालून येते, तिथे बियाण्यावरचे गंधक पुरे पडत नाही.

म्हणून निसवताना शेतात फिरायचे. गाठ दिसली की पापुद्रा फाटण्याआधी तिच्यावर पिशवी चढवून कणीस कापायचे आणि जाळायचे. नुसते ओढून काढले तर आपणच भुकटी पसरवतो. अशी कणसे उकिरड्यात टाकू नयेत. खत नीट तापले नाही तर बीजाणू त्याच्याबरोबर शेतात परततात. त्या रानात काही वर्षे ज्वारी टाळून तूर, हरभरा, सोयाबीन घ्यावे. मका नको, याच बुरशीचा एक प्रकार त्यावरही येतो.

कणसात मोजक्याच दाण्यांच्या जागी लांब, किंचित वाकड्या नळ्या दिसल्या तर ती लांब काणी. तिचे बीजाणू वाऱ्याने येऊन फुलोऱ्याला लागण करतात, त्यामुळे तिथेही गंधक चोळून फायदा नाही.