मोबाइल, मान आणि सत्तावीस किलो

मोबाइलवर झुकलेल्या माणसाचं चित्र आणि शेजारी '२७ किलो' हा आकडा. मोबाइल पाहताना वाकलेल्या मानेवर एवढा भार पडतो, असं सांगणारा हा संदेश जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा तरी फिरून गेलेला असतो. २७ किलो म्हणजे रावेर-यावलकडचा केळीचा चांगला भरलेला घड. पोरगं "माय, मनी मान दुखस" म्हणालं की पुढचं उत्तर ठरलेलं: ठेव तो मोबाइल!

आकडा खोटा नाही, पण अर्धसत्य आहे. न्यूयॉर्कमधले मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी तो २०१४ मध्ये मांडला. मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोंचं. मान सरळ असते तेव्हा ते मणक्यांवर जवळजवळ तोललेलं असतं. मान झुकली की डोकं मणक्यांच्या पुढे जातं आणि ते आणखी खाली पडू नये म्हणून मागचे स्नायू त्याला ओढून धरतात. हे स्नायू मणक्यांना अगदी खेटून असल्यामुळे त्यांची तरफ तोकडी पडते. साहजिकच त्यांना डोक्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब मणक्यांवर येतो. हंसराज यांच्या हिशेबाने मान १५ अंश झुकली की सुमारे १२ किलो, ३० ला १८ आणि ६० ला २७.

पण हा हिशेब संगणकावरच्या प्रतिकृतीचा होता. मान दुखते की नाही, हे त्यात कुणाला विचारलेलंच नव्हतं. ते विचारलं रिओ द जानेरोमधल्या संशोधकांनी. १८ ते २१ वयाच्या १५० जणांची मोबाइल पाहतानाची ढब त्यांनी तपासली. २०१८ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात जास्त झुकणाऱ्यांची मान जास्त दुखते, असं काही आढळलं नाही. एवढ्या एका अभ्यासावर निकाल लावू नये, हे खरं. तरी सगळं खापर वाकण्यावर फोडणंही बरोबर नाही.

माझ्या मते खरी गोम न हलण्यात आहे. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकते; तिची कंबर धरते, तो वेगळाच विषय. पण तिची मान सतत फिरत असते. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर मात्र एका टिकलीएवढ्या जागेवर नजर रोखून बसतो, आणि मोबाइलचं नावही नव्हतं तेव्हापासून बसत आलाय. स्नायू थोडाच जोर लावत असला तरी तो सैल सुटलाच नाही, तर त्याला रक्त पुरेसं मिळत नाही. मग तो थकतो, आखडतो, ठणकतो. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा कूलरपुढे लोडावर मान मोडून पडलेल्या माणसाचा दुपारभर फक्त अंगठा हलतो. त्यात अपुरी झोप, काळजी आणि व्यायामाचा अभाव यांचाही मानदुखीशी संबंध दिसतो. त्याची चित्रं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणून पोरांना 'ताठ बस' म्हणून दिवसभर टोकण्यात फारसा अर्थ नाही. ताठ बसूनही तासभर हललं नाही तर मान धरतेच. अर्ध्या तासाने उठावं, खांदे फिरवावेत, पाणी पिऊन यावं. कोपराखाली उशी घेतली की फोन आपसूक वर येतो. लॅपटॉप डब्यावर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. दुखणं जुनं असेल तर मान-खांद्यांचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाने बऱ्याच जणांना उतार पडतो. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

दाढी झाल्यावर न्हाव्याकडून 'कट्' करून मान मोडून घ्यायची हौस मात्र सोडाच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. झटक्याने त्यातली एखादी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो.

आणि हाताला मुंग्या येत असतील, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर शेक-मलम करत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा. पडल्या-झडल्यानंतर मान दुखू लागली, तरीही तेच.