लाईकवरून कामसूपणा कळतो का?

कुपवाड एमआयडीसीतल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री माझा भाचा विश्रामबागेतल्या घरी फेसबुकवरचे फोटो उडवत बसला होता. मिरवणुकीत नाचतानाचे आधी गेले, मग दंडोबाच्या ट्रेकचे. "मामा, एचआरवाले प्रोफाइल बघून माणूस ओळखतात." बघतात हे खरं आहे. ओळखतात हे मला पटत नाही.

2013 साली केंब्रिजच्या संशोधकांनी 58,000 हून जास्त स्वयंसेवकांचे लाईक तपासले. एक अवाढव्य तक्ता डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक पेजला एक रकाना. लाईक असेल तर 1, नसेल तर 0. बहुतेक घरांत शून्यच. पण एक पेज आवडणाऱ्यांना ठरावीक दुसरी पेजंही आवडतात, म्हणून हजारो रकाने गणिताने दाबून 100 वर आणता येतात. मग त्या 100 आकड्यांवरून स्वभावचाचणीतले गुण किती जुळतात ते बघायचं.

मालकाला हवा असतो कामसूपणा. त्याच्या बाबतीत सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जुळतात याचं माप (0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे तंतोतंत), निघाला 0.29. सहसंबंधाचा वर्ग केला की माणसामाणसांतल्या फरकाचा किती हिस्सा उलगडला ते समजतं: 0.29 × 0.29 = 0.084. शंभरातले जेमतेम आठ! लाखो लोकांना जाहिरात दाखवायला एवढं पुरतं, हजारभर चुकले तरी चालतं. नोकरीला मात्र समोर एकच पोरगा असतो.

अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात भरती करणाऱ्यांनीच 416 विद्यार्थ्यांच्या प्रोफाइलना गुण दिले. नोकरी लागल्यावर साहेबांनी कामाला दिलेल्या गुणांशी त्यांचा मेळ बसला नाही. गोऱ्यांना मात्र झुकतं माप मिळालं होतं. आडनावावरून जात ताडणाऱ्या आपल्या समाजाने हे फार गंभीरपणे घ्यायला हवं. नावाचं स्पेलिंग बदलून नोकरी लावून देतो म्हणणारे अंकशास्त्री असोत, की 'एआय माणूस वाचतं' म्हणत सॉफ्टवेअर विकणारे, दोघांनाही एकच विचारावं: तुमचा सहसंबंध किती?

मुलाखतीत भाच्याच्या हातात एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर दिला, व्यास मोजायला सांगितला. त्याने तीन ठिकाणी मोजला, तिन्ही आकडे कागदावर लिहिले आणि मधल्या ठिकाणी झीज आहे म्हणून सांगितलं. प्रोफाइलचा विषयही निघाला नाही.