डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री: कॅथलिक सेवाकार्यातल्या अनुभवी मंडळींसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

धर्मग्राम सांभाळणारे फादर, धर्मशिक्षण विभाग चालवणारी सिस्टर, रुग्णालयात आजाऱ्यांना आध्यात्मिक आधार देणारे चॅपलिन, डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक), पूर्णवेळ काम करणारे प्रापंचिक, म्हणजे दीक्षा किंवा व्रते न घेतलेले, कार्यकर्ते. अशा सर्वांसाठी अमेरिका आणि कॅनडातल्या ईशज्ञान संस्थांमध्ये एक व्यावसायिक डॉक्टरेट आहे, डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री. सगळे तिला डीमिन म्हणतात. चालू काम न सोडता, त्याच कामातला एखादा प्रश्न घेऊन ती करायची असते. कॅथलिक संस्थांपैकी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाने आणि वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकेने ही पदवी दिली आहे. सेंट लुईसची अक्वायनस इन्स्टिट्यूट प्रवचनावरच्या डीमिनसाठी ओळखली जाते.

अर्जाच्या आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला हीच पदवी हवी आहे ना? ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या पदव्यांची रांग वेगळी आहे. बॅकलॉरिएट, लायसन्शिएट आणि डॉक्टरेट या तीन पायऱ्या परमपीठाने, म्हणजे व्हॅटिकनने, मान्यता दिलेल्या विद्याशाखांमध्येच मिळतात. त्यांचे नियम पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली काढलेल्या ‘वेरितातिस गाउदियुम’ या संविधानात आहेत. डीमिन त्या रांगेत बसत नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, २५३व्या कलमानुसार सेमिनरीत तत्त्वज्ञान, ईशज्ञान किंवा धर्मकायदा शिकवणाऱ्याकडे परमपीठमान्य विद्यापीठाची डॉक्टरेट किंवा लायसन्शिएट असावी लागते. त्यामुळे बिशपांनी तुम्हाला सेमिनरीत शिकवण्यासाठी तयार करायचे ठरवले असेल, तर डीमिनचा अर्ज भरू नका, लायसन्शिएटची चौकशी करा. नावात ‘डॉक्टर’ आहे म्हणून दोन्ही सारखे, असे धरून लोक चार-पाच वर्षे घालवतात आणि शेवटी त्यांच्या हाती चुकीचा कागद येतो. हे मला फार वाईट वाटते, कारण एका पत्राने ते टळले असते.

पात्रतेचे दोन खांब आहेत, आधीचे शिक्षण आणि अनुभव. उत्तर अमेरिकेतल्या ईशज्ञान संस्थांना मान्यता देणारे मंडळ म्हणजे असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, म्हणजेच एटीएस. त्याच्या निकषांनुसार डीमिन किमान ३० क्रेडिटची (क्रेडिट हे अभ्यासाच्या भाराचे माप) असते. प्रवेशासाठी सेवाकार्याशी निगडित पदव्युत्तर पदवी लागते आणि सर्वसाधारणपणे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे सेवाकार्याची तयारी करून देणारी पदवी, हे माप धरले जाते. ती पदवी स्वतः किमान ७२ क्रेडिटची असल्याने ईशज्ञानातली छोटी एमए असलेल्यांना अनेकदा आधी काही पूरक विषय करायला सांगतात. सेमिनरीत ईशज्ञानाचा पूर्ण अभ्यासक्रम केलेल्या धर्मगुरूंची गुणपत्रके तपासून समकक्षता ठरवली जाते. ती आपोआप मिळेल असे मानू नका. पूर्ण गुणपत्रक पाठवून लेखी उत्तर मागवा. अनुभवाची अट बहुतेक ठिकाणी किमान तीन वर्षांची असते, तीही पहिल्या ईशज्ञान पदवीनंतरची.

प्रापंचिकांना इथे दार बंद आहे, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. २२९वे कलम प्रापंचिकांना ईशज्ञानासारख्या पवित्र विद्यांचा सखोल अभ्यास करण्याचा आणि पदव्या मिळवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देते. २३१वे कलम तर कायम सेवेत असलेल्या प्रापंचिकांनी योग्य प्रशिक्षण घ्यावे असे बंधन घालते आणि त्यांना रास्त मोबदल्याचा हक्कही देते. नोकरी देणाऱ्या धर्मप्रांताकडे फीचा काही भाग मागताना या कलमांचा उल्लेख जरूर करा. संकोचू नका.

परवानगीचा टप्पा मात्र धर्मगुरू आणि व्रतस्थांसाठी सर्वांत आधी येतो. २८३व्या कलमाप्रमाणे धर्मगुरूला आपल्या धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय फार काळ धर्मप्रांताबाहेर राहता येत नाही. प्रमुख धर्मगुरूंवर धर्मग्रामातच राहण्याचे बंधन आहे. डीमिनचे वर्ग बऱ्याचदा उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात एक-दोन आठवड्यांचे सलग असतात. त्या तारखा घेऊनच बिशपांना किंवा प्रोव्हिन्शियलना (व्रतस्थांच्या प्रांतप्रमुखांना) भेटा. मिस्सा कोण करणार, अंत्यविधीची वेळ आली तर कोण जाणार, हेही ठरवून जा. नुसत्या होकारावर थांबू नका. पत्रात तीन गोष्टी असाव्यात: अभ्यासाला संमती, किती वर्षे, आणि खर्च कोण करणार.

कागदपत्रांची यादी संस्थेगणिक थोडी बदलते, पण गाभा एकच: भरलेला अर्ज, सर्व महाविद्यालये आणि सेमिनरींची गुणपत्रके (विद्यार्थ्याच्या हातून नव्हे, संस्थेकडून थेट गेलेली), सेवाकार्याचा बायोडेटा, उद्देशपत्र, लेखनाचा नमुना आणि साधारण तीन शिफारसपत्रे. त्यांतले एक बिशप, सुपिरियर किंवा वरिष्ठांचे असावे आणि एक तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकांचे. अमेरिकेबाहेरच्या पदव्यांचे मूल्यमापन करून मागितले तर ते नेसेस या, पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांच्या, संघटनेच्या सदस्य संस्थेकडून करून घेतात. इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही लागू शकतो. धर्मगुरू अमेरिकेत राहून मिस्सा अर्पण करणार असतील, तर तिथल्या धर्मप्रांताला आपल्या बिशपांचे योग्यतेचे पत्र द्यावे लागते. २००२ साली तिथल्या बिशपांनी बालसंरक्षणाची सनद स्वीकारल्यापासून पार्श्वभूमी तपासणी आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण हाही या प्रक्रियेचा भाग झाला आहे. सेमिनरीचे जुने गुणपत्रक हाती यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. सुरुवात तिथूनच करा.

आता उद्देशपत्र. माझ्या मते प्रवेश ठरतो तो इथे. अनेक अर्जदार आपल्या पाचारणाची कहाणी लिहितात. ती असावी, पण एका परिच्छेदात. समितीला पाहायचे असते की या माणसाला आपल्या कामातला एक प्रश्न नेमका दिसतो का.

‘तरुण चर्चपासून दूर जात आहेत, मला त्यावर अभ्यास करायचा आहे.’ हे वाक्य खरे असले तरी त्याला हात घालायला जागा नाही. त्याच चिंतेतून असेही लिहिता येते: ‘आमच्या धर्मग्रामात दृढीकरण संस्कारानंतर पहिल्याच वर्षात तरुण सेवाकार्यातून गळतात. त्यांच्या धर्ममातापित्यांची भूमिका समारंभापुरतीच राहते. ती वर्षभर चालू ठेवली, दर महिन्याला दोघांची भेट ठरवली, तर काय बदलते ते मला तपासायचे आहे.’ यात जागा आहे, माणसे आहेत, काळ आहे आणि एक करून पाहण्याजोगी कृती आहे. तिच्या पाठीशी दृढीकरणाचे ईशज्ञान उभे करता येते. शेवटचा प्रकल्प नेमका असाच असतो. कामात एक हस्तक्षेप करायचा, काय घडले ते नोंदवायचे आणि त्यावर ईशज्ञानाच्या प्रकाशात चिंतन लिहायचे. हे सगळे धरून पदवीला साधारण तीन ते सहा वर्षे लागतात.

प्रकल्पात माणसांच्या मुलाखती किंवा प्रश्नावली असेल, तर विद्यापीठाच्या नीतिमंडळाची मंजुरी घ्यावी लागते. प्रत्येकाची लेखी संमती लागते आणि अल्पवयीन असल्यास पालकांचीही. धर्मगुरूंनी इथे जास्त जागरूक राहावे. आपल्याच फादरना ‘नाही’ म्हणणे श्रद्धाळूला जड जाते, म्हणून संमतीपत्र दुसऱ्या कोणी गोळा करावे. पापनिवेदनात ऐकलेले काहीही, नाव बदलूनसुद्धा, प्रबंधात येता कामा नये. ९८३व्या कलमाने ती मोहोर अभंग ठेवली आहे आणि संशोधन हा तिला अपवाद नाही.

बाहेरून येणाऱ्यांना व्हिसाचा पेच समजून घ्यावा लागतो. पर्यटक व्हिसावर पदवीचे वर्ग करता येत नाहीत. विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो आणि त्यात एका सत्राला फक्त एक विषय किंवा ३ क्रेडिट इतकेच ऑनलाइन शिक्षण जमेस धरतात. बरेचसे डीमिन अभ्यासक्रम नेमके उलट बांधलेले असतात: घरी राहून अभ्यास आणि मधूनमधून हजेरी. म्हणून संस्थेला पहिल्याच पत्रात विचारा, ‘या अभ्यासक्रमासाठी तुम्ही आय-२० देता का?’ आय-२० म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी संस्थेने दिलेले पात्रतेचे प्रमाणपत्र. उत्तर नकारार्थी असेल तर अर्जाची फी भरू नका. पूर्ण ऑनलाइन पर्याय किंवा दुसरी संस्था शोधा. होकार असेल तर प्रवेशानंतर खर्चाच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो. इथेच बिशपांच्या पत्रातली ती खर्चाची ओळ कामी येते. मग आय-२० मिळतो, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीची ३५० डॉलर फी भरायची आणि त्यानंतर व्हिसाच्या मुलाखतीची वेळ घ्यायची.